या डब्यात काही नाही

काकांना आजवर हृदयविकार एकदा, मेंदूतली गाठ एकदा आणि घशाचा कॅन्सर दोनदा होऊन गेला होता. हृदयविकार ढेकर आल्यावर बरा झाला. मेंदूतली गाठ चष्म्याचा नंबर बदलल्यावर विरघळली. घशाच्या कॅन्सरपैकी पहिला म्हणजे अडकलेली गोळी होती आणि दुसरा म्हणजे पहिल्याची आठवण. हे सगळे आजार त्यांच्या बायकोनं घरच्या घरी, बहुतेक वेळा हातातलं काम न सोडता, बरे केले होते. ती डॉक्टर होती.

डॉक्टर म्हणजे सोनोग्राफीची. मेडिकल कॉलेजात शिकवायची, विद्यार्थी तिला मॅडम म्हणायचे, म्हणून आपणही मॅडमच म्हणू. काका निवृत्त होण्याआधी लिफ्टचे तपासनीस होते. लोकांच्या इमारतींत जायचं, लिफ्टमध्ये उभं राहायचं आणि कान देऊन कुठे काय कुरकुरतंय ते ऐकायचं, यात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतर ऐकायला लिफ्ट उरल्या नाहीत, तेव्हा ते स्वतःलाच ऐकायला लागले. माणसाचं शरीर लिफ्टपेक्षा जास्त कुरकुरतं, हे त्यांना उशिरा कळलं.

काकांनी नवा आजार सांगितला की मॅडम हसत. टाकून बोलायचं म्हणून नव्हे, त्यांना खरोखरच हसू यायचं. आधी खांदे हलायचे, मग डोळ्यांत पाणी यायचं. आणि काकांचं औषध तेच होतं. ती हसली म्हणजे काही नाही. पोटभर हसली म्हणजे अजिबातच काही नाही. मग काका थोडे रुसत आणि रात्री गाढ झोपत.

म्हणूनच या वेळी त्यांनी तिला काही सांगितलं नव्हतं. एका सकाळी त्यांना लघवी लाल झाली. दुखलं नाही, खुपलं नाही, नुसती लाल. आदल्या दिवशी बीट खाल्लं होतं, तेव्हा काकांनी सगळा आळ बीटावर घातला आणि प्रकरण मिटवलं. पण काही दिवसांनी पुन्हा तसंच झालं, आणि या वेळी घरात बीट नव्हतं. काकांनी फ्रिज उघडून खात्री करून घेतली. आजार खरा असेल याची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती अशी, की सांगितलं आणि ती हसली नाही तर? त्या भीतीपायी ते गप्प बसले.

फ्रिजमध्ये बीट नव्हतं, पण दोन लिव्हर होती, एक मान होती आणि त्यांच्यामध्ये अंग चोरून बसलेलं दुधाचं पातेलं होतं. हे जरा समजावून सांगायला हवं.

कॉलेजात सोनोग्राफीचं मशीन नव्हतं असं नाही. होतं, पण त्याच्यासमोर दिवसभर पेशंटची रांग, आणि विद्यार्थी मॅडमच्या पाठीमागे टाचा उंचावून उभे. वर्ष संपेपर्यंत त्यांना मॅडमचा अंबाडा तोंडपाठ व्हायचा, लिव्हर नाही. शिकवण्यासाठी रबराची तयार पोटं मिळतात, आत सगळे अवयव जागच्या जागी असलेली. त्यांची किंमत ऐकून प्राचार्य म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. ते हे दर वर्षी म्हणत. शेवटी मॅडमनी एका दवाखान्यानं मोडीत काढलेलं लहानसं मशीन दुरुस्त करून घेतलं, पिशवीत मावेल एवढं, आणि पोटं घरी करायला घेतली.

पोट करायची कृती अवघड नाही. जिलेटिन गरम पाण्यात विरघळवायचं. नुसतं जिलेटिन पडद्यावर काळंकुट्ट दिसतं, म्हणून त्यात इसबगोल घालायचा. त्यानं करडी, दाणेदार छटा येते आणि लिव्हर बघितल्याचा भास होतो. हातमोज्याचं एक बोट पाण्यानं भरून तोंड बांधलं की पित्ताशय. बांधण्याआधी आत बारीक खडे टाकले की आजारी पित्ताशय. रबरी नळी म्हणजे शीर. द्राक्ष म्हणजे गाठ. हे सगळं प्लास्टिकच्या डब्यात घालून गार करायचं आणि वर गडद रंगाचा एक थर द्यायचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना आतलं दिसत नाही. मशीनचा प्रोब टेकवूनच शोधावं लागतं.

हे खातं निवृत्तीनंतर काकांकडे आलं. मॅडमच्या हातून गुठळ्या व्हायच्या, काकांच्या हातून होत नसत. इसबगोल आणायलाही तेच जात, आणि एवढा इसबगोल लागणाऱ्या गृहस्थाकडे औषधवाला फार कणवेनं बघे. एकदा दुकानातली गर्दी ओसरल्यावर त्यानं आवाज खाली आणून भरपूर पाणी प्यायचा आणि रोज चालायचा सल्ला दिला. काकांनी त्याचे आभार मानले आणि आणखी दोन पुडे मागितले.

मॅडमच्या वर्गाचे नियम पक्के होते. डबा टेबलावर ठेवताना त्या दगडासारखा चेहरा करून म्हणत, ‘‘या डब्यात काही नाही.’’ आणि प्रत्येक डब्यात काहीतरी असायचंच. हे मुलांना पहिल्याच आठवड्यात कळायचं, पण मॅडम म्हणायच्या थांबल्या नाहीत आणि मुलं शोधायची थांबली नाहीत. दुसरं म्हणजे, ज्याला सापडलं त्यानं ओरडायचं नाही, बोट दाखवायचं नाही, शेजाऱ्याला कोपरानं ढोसायचं नाही; नाहीतर पुढच्यांचं शोधणं वाया जातं. सापडलेलं मनात ठेवायचं आणि महिनाअखेरच्या तोंडी परीक्षेत मॅडमना सांगायचं. डबे तोवर टिकत नसत. दोन-तीन दिवसांत त्यांना वास यायला लागायचा.

डबे वर्गात पोचवायचे आणि कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचे, ते काका. द्राक्ष कुठे आहे हे त्या खोलीत त्यांना एकट्यालाच ठाऊक, त्यामुळे डब्याकडे बघण्यात त्यांना गोडी नव्हती. ते चेहऱ्यांकडे बघत. जवळ आलं की हात मंदावतो. थोडा पुढे जातो, थबकतो, मागे येतो. भुवया एकत्र येतात. आणि सापडलं रे सापडलं की विद्यार्थी लगेच खिडकीबाहेर बघायला लागतो, जणू जन्मात आपण कधी काही शोधलेलंच नाही. खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत होती आणि तिच्यावर एक पाण्याचा पाइप होता. त्या पाइपकडे कोण कधी बघतो, यावरून काका मुलांचा निकाल परीक्षेआधीच सांगू शकत.

पण डब्यांचे तोटे हळूहळू बाहेर यायला लागले. डबा श्वास घेत नाही, दुखलं तर ओरडत नाही, त्याला गुदगुल्या होत नाहीत. डब्यांवर तयार झालेली तुकडी पहिल्यांदा खऱ्या पेशंटपाशी गेली तेव्हा एकानं प्रोब एवढा दाबला की पेशंट उठून बसला. दुसरा, काम झाल्यावर, सवयीनं झाकण शोधत होता. मॅडमनी डोक्याला हात लावला आणि ठरवलं, शेवटचा महिना जिवंत माणसावर शिकवायचं.

‘‘पण माणूस आणायचा कुठून?’’ त्या जेवताना म्हणाल्या. ‘‘दर आठवड्याला येऊन पोट उघडं टाकून तासभर पडून राहणारा.’’

‘‘मी आहे की,’’ काका म्हणाले.

मॅडमनी घास हातात धरून त्यांच्याकडे बघितलं. ‘‘तुम्ही? तुम्हाला थर्मामीटर गार लागतो.’’

‘‘मुलांच्या शिक्षणासाठी एवढं तर करायला हवं,’’ काका म्हणाले आणि पाणी प्याले.

शिक्षणाचा काही संबंध नव्हता. काकांचा बेत सरळ होता. मुलं तयार झालेली आहेत, डोळे तरुण आहेत. आत काही असलंच तर त्यांना पडद्यावर दिसेल, आणि काकांना त्यांच्या चेहऱ्यावर दिसेल. काही नसलं तर घरी कुणाला काही सांगायलाच नको. हसण्याचाही प्रश्न नाही आणि न हसण्याचाही नाही. बेत आखल्यावर काकांना स्वतःचं कौतुक वाटलं. असल्या बेतांत नेहमी एक भोक असतं, ते त्यांना दिसलं नाही.

पहिल्या दिवशी काका टेबलावर शर्ट वर करून आडवे झाले. भोवती आठ-दहा मुलं. मॅडम दारात उभ्या राहिल्या, कारण बाहेर पेशंट थांबले होते.

‘‘काकांना तुम्ही ओळखता. या माणसात काही नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘लिव्हर, दोन्ही किडन्या आणि मूत्राशय नीट दिसायला हवं. श्वास घ्यायला सांगा, धरायला सांगा, सोडायलाही सांगा, विसरू नका. आणि त्यांच्याशी गप्पा मारायच्या नाहीत. त्यांना सगळी उत्तरं माहीत असतात.’’

त्या मनापासून बोलत होत्या. पण वर्गात बोलायचा त्यांच्याकडे तो एकच चेहरा होता, दगडाचा. मुलांनी एकमेकांकडे बघितलं आणि बाह्या सरसावल्या.

पहिला नंबर एका लांबलचक मुलाचा. काका त्याला घरी खांब म्हणत. खांबाचा हात हलका होता. लिव्हर बघून झालं, डावी किडनी बघून झाली. मग तो उजव्या कुशीवर आला. ‘‘काका, श्वास घ्या. धरा.’’ काकांनी धरला. खांबाचा हात पुढे सरकला, थबकला, मागे आला. त्याच्या भुवया एकत्र आल्या. त्यानं प्रोब थोडा तिरका केला, पडद्यावर काहीतरी मापलं आणि मग, अगदी सावकाश, मान वर करून खिडकीबाहेरच्या पाइपकडे बघितलं. काकांना श्वास सोडायला सांगायचं मात्र तो विसरला.

मग एक मुलगी आली. तिच्या केसांची एक बट कधी इकडची तिकडे होत नसे, म्हणून काकांनी तिचं नाव टापटीप ठेवलेलं. तिनं श्वास सोडायला आठवणीनं सांगितलं. आणि मग तीही पाइपकडे बघायला लागली. तिच्यानंतरचा बघायला लागला. त्याच्यानंतरचाही. एक मुलगा दोनदा चुकला, तिसऱ्यांदा त्याला सापडलं आणि त्याच्या चेहऱ्यावर एवढा आनंद पसरला की काकांना त्याचं अभिनंदन करावंसं वाटलं. अशा वेळी माणसाच्या पोटात गोळा आला असं म्हणायची पद्धत आहे. काकांनी तो शब्दप्रयोग मनातल्या मनातसुद्धा टाळला.

तास संपल्यावर टापटीप टेबलावरची चादर घडी करत होती. काका शर्टाची बटणं लावत तिच्याजवळ गेले.

‘‘काय गं, दिसलं का काही?’’

‘‘काका!’’ ती डोळे मोठे करून म्हणाली. ‘‘मला नापास करायचंय का? बोलायचं नाही म्हणून सांगितलंय मॅडमनी.’’

‘‘तसं नाही. आपलं सहज.’’

तिनं दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. ‘‘पण एक सांगू? मॅडम खरंच ग्रेट आहेत. घरचा पेशंट वर्गात आणायचा म्हणजे काय खायचं काम आहे का! आणि तुम्हीपण. इतके शांत पडला होतात. दुसरं कुणी असतं तर हात लावू दिला नसता.’’

‘‘त्यात काय,’’ काका म्हणाले. ‘‘घरचंच काम आहे.’’

बेताला भोक कुठे होतं ते त्यांना तिथे उभ्या उभ्या कळलं. मुलांना दिसणार हे बरोबर होतं. चेहऱ्यावर कळणार हेही बरोबर होतं. फक्त कुणी काही बोलणार नव्हतं, कारण बोलायचं कशाला? सोनोग्राफीच्या मॅडम, त्यांचा सख्खा नवरा, आणि त्यांना माहीत नसेल? मॅडमच्या डब्यात असलेली वस्तू मॅडमनीच ठेवलेली असते. हा डबा जरा मोठा होता, एवढाच काय तो फरक.

घरी आल्यावर सांगून टाकायचं, असं काकांनी जिन्यात ठरवलं. मॅडम सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी काकांचं तोंड बघितलं आणि त्यांचे खांदे आधीच हलायला लागले.

‘‘काय, आज कुठे दुखतंय?’’

‘‘कुठे नाही.’’

‘‘कुठेच नाही?’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘अहो, तब्येत बरी आहे ना तुमची?’’ आणि स्वतःच्याच विनोदावर त्या एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. काकांनी पाणी आणून दिलं. त्यांना हसताना बघायला इतकं बरं वाटत होतं, की ते बंद करायची त्यांची छाती झाली नाही. आपला नवरा अगदी ठणठणीत आहे असं समजणारी एक बाई समोर बसली होती, आणि ती सुखात होती.

पुढच्या आठवड्यात काका पुन्हा टेबलावर आडवे झाले आणि मुलांनी पुन्हा पाइप बघितला. या खेपेला ते सरावले होते. काही जण तर सरळ उजव्या कुशीवरच यायला लागले. तास संपल्यावर काकांनी खांबाला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. विचारलं तर हा सांगणार नाही, हे आता त्यांना कळलं होतं. पण डबे करणारा माणूस परीक्षकासारखं बोलू शकतो.

‘‘हं,’’ काका हात मागे बांधून म्हणाले. ‘‘तोंडी परीक्षेची तयारी झाली का? बघू बरं. कुठे आहे?’’

खांब ताठ झाला. ‘‘उजवी किडनी. खालचं टोक.’’

‘‘आकार?’’

‘‘लहान लिंबाएवढी. अर्धी आत, अर्धी बाहेर आलेली.’’

‘‘कडा?’’

‘‘गुळगुळीत नाहीत. पाण्याची पिशवी नाही, भरीव आहे. आत रक्तप्रवाह दिसतो.’’ तो जरा घुटमळला. ‘‘रक्तवाहिनीत शिरलेली वाटली नाही. पण ते मी खात्रीनं सांगणार नाही, काका. त्याला सीटी स्कॅन लागेल.’’

‘‘म्हणजे निदान काय?’’

खांबानं निदान सांगितलं. एका दमात, स्पष्ट, न अडखळता. काकांनी तो शब्द आजवर स्वतःच्या घशासाठी पुष्कळ वापरला होता. दुसऱ्याच्या तोंडून त्याचा आवाज वेगळाच आला.

‘‘बरोबर ना, काका?’’

‘‘बरोबर,’’ काका म्हणाले. ‘‘आवाज जरा मोठा ठेव, म्हणजे मॅडमना ऐकू जाईल.’’

खांब खूश होऊन गेला. काका टाकीपाशीच थांबले. त्यांना मुलाचा राग आला नाही. गुणी मुलगा होता, चांगला डॉक्टर होईल, फक्त पेशंटशी बोलतोय हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. राग आला तो स्वतःचा. लिफ्टमध्ये कुरकुर ऐकू आली तर ते सगळी इमारत खाली उतरवत असत, म्हाताऱ्या-कोताऱ्यांसकट, कुणाचं ऐकत नसत. आणि इथे स्वतःची वेळ आली तर सख्ख्या बायकोपुढे तोंड उघडेना. भित्रेपणा याला म्हणतात, दुसरं नाव नाही.

रविवारी मॅडम बाजारात गेल्या तेव्हा काकांनी जिलेटिन चढवलं. बोलता येत नव्हतं, पण डबा करता येत होता. किडनीसाठी त्यांनी साबणाची लांबट डबी घासून स्वच्छ केली आणि साचा म्हणून वापरली. इसबगोल लिव्हरपेक्षा कमी, हे त्यांना सवयीनं माहीत होतं. मग फ्रिजमधून एक द्राक्ष काढलं, बोटांत फिरवलं आणि परत ठेवून दिलं. द्राक्षाच्या कडा गुळगुळीत असतात. त्यांनी थोडं जिलेटिन वेगळं काढून त्यात मुठीनं इसबगोल घातला, ते घट्ट झाल्यावर सुरीनं लिंबाएवढा तुकडा कापला आणि त्याच्या कडा बोटांनी खडबडीत केल्या. किडनीच्या खालच्या टोकाला तेवढी जागा कोरून तो त्यांनी बसवला, अर्धा आत, अर्धा बाहेर. पहिल्यांदा नीट बसला नाही. दुसऱ्यांदा असा बसला की काकांना समाधान वाटलं, आणि समाधान वाटलं म्हणून लाज वाटली.

दुपारी चहा झाल्यावर त्यांनी डबा स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून ठेवला. ‘‘परीक्षेसाठी नवीन केलाय. बघतेस का जरा?’’

मॅडमनी पिशवीतून मशीन काढलं, जेलची बाटली काढली. ‘‘काय आहे आत?’’

‘‘या डब्यात काही नाही,’’ काका म्हणाले.

मॅडमना हे आवडलं. त्या गालातल्या गालात हसत प्रोब फिरवायला लागल्या. काम करताना त्यांना बोलायची सवय होती. ‘‘किडनी केलीत? वा. आकार छान आलाय. हे कशात ओतलंत, साबणाच्या डबीत? वरचं टोक ठीक. मधे ठीक. आणि खाली... अरे!’’ त्या थांबल्या आणि पडद्याकडे वाकल्या. ‘‘अहो, हे द्राक्ष नाही. कडा काय सुरेख केल्यात. अर्धी बाहेर काढलीत. हे पुस्तकातल्यासारखं नाही, हे खऱ्या पेशंटसारखं आहे. कुणाची केस बघून केलीत?’’

‘‘मुलांनी सांगितली तशी केली.’’

‘‘कुठल्या मुलांनी?’’

‘‘खांबानं. टापटिपीनं. तशी सगळ्यांनाच सापडली आहे.’’

‘‘त्यांना कुठे सापडली? माझ्याकडे या महिन्यात अशी केस आली नाही.’’

काकांना आता सांगता आलं असतं. वाक्यही तयार होतं. पण त्यांनी उठून शर्टाची बटणं काढली, डबा बाजूला सरकवला आणि टेबलाच्या कडेला टेकून उजवी कूस तिच्याकडे केली.

मॅडमचे खांदे हलले. ‘‘आता काय, किडनी का? घसा झाला, डोकं झालं...’’ त्या हसत होत्या. हसता हसताच त्यांनी जेल लावली आणि प्रोब टेकवला. काका पडद्याकडे बघत नव्हते. त्यांना चेहऱ्याकडे बघायची सवय होती.

हात पुढे सरकला. थबकला. मागे आला.

स्वयंपाकघराला खिडकी होती, पण मॅडमनी तिच्याकडे बघितलं नाही. त्या पडद्याकडेच बघत राहिल्या, आणि हसू ओठांवर तसंच राहून गेलं, आवरायचं विसरल्यासारखं. मग तेही गेलं. प्रोब फिरत होता, मापं घेतली जात होती, मशीनचा बारीक पंखा घरघरत होता. काकांना इतके दिवस ज्या क्षणाची भीती वाटत होती तो हाच, आणि तो आल्यावर त्यांना फक्त तिची दया आली.

‘‘कधीपासून?’’ मॅडमनी विचारलं.

‘‘लघवी लाल झाली होती. बीट खाल्लं त्याच्या दुसऱ्या दिवशी. मग पुन्हा, बीट नसताना.’’

‘‘आणि मला सांगितलं नाहीत.’’

‘‘तू हसली नसतीस.’’

मॅडमनी मान खाली घातली. त्यांनी नाक ओढलं आणि वर्गातला आवाज काढायचा प्रयत्न केला. ‘‘लहान आहे. बाकी कुठे काही दिसत नाही. सीटी करू. अशी असली तर काढता येते, पुष्कळांची काढतात.’’ आवाज तिथपर्यंत टिकला, पुढे टिकला नाही. ‘‘त्या खांबाचा उद्या कानच उपटते. एवढी गाठ दिसली आणि गप्प बसला! सगळेच्या सगळे गप्प बसले!’’

‘‘त्याला काही बोलू नकोस.’’

‘‘का नको बोलू?’’

‘‘तूच शिकवलंस,’’ काका म्हणाले.

मॅडम स्टुलावर बसल्या, प्रोब तसाच हातात. ‘‘मी त्यांना सांगितलं, या माणसात काही नाही. दोन आठवडे सांगितलं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि बघितलं नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही प्रोब लावून बघितलं नव्हतं मी तुम्हाला.’’

लिफ्टमध्ये पाय न ठेवता तिला दाखला देणारे तपासनीस काकांनी नोकरीत पुष्कळ पाहिले होते, आणि त्यांचं नाव निघालं की अजूनही त्यांचं डोकं फिरायचं. आज ते फिरलं नाही. त्यांनी तिच्या हातातून प्रोब घेऊन टेबलावर ठेवला.

मॅडमनी फोन उचलला आणि कॉलेजातल्या सर्जनला लावला. बोलायला लागल्यावर आवाज परत जागेवर आला. पुरुष, वय बासष्ट, उजव्या किडनीच्या खालच्या टोकाला भरीव गाठ. मापं सांगितली, लघवीतलं रक्त सांगितलं, सीटी उद्याच हवी म्हणाल्या. पेशंट कुठे आहे, असं पलीकडून विचारलं गेलं. मॅडमनी काकांच्या कुशीवर हात ठेवला, बरोबर त्या जागेवर.

‘‘हो, इथेच आहेत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माझ्यासमोर.’’

तिचा हात जेलनं बरबटला होता, शर्टालाही लागत होतं. एरवी डागावरून घर डोक्यावर घेणारी बाई; तिनं हात काढला नाही. काकांनीही काढायला सांगितलं नाही.